अप्पांच्या घरचं दळण

शेजारच्या अप्पांनी दुसरी बायको आणली, ही बातमी लोधीपुऱ्यात मी पसरवली. ती साफ खोटी होती.

पण माझीही बाजू ऐका. अप्पा कापसाच्या जीनवरचे मुकादम. झुपकेदार मिशा आणि तोंडात कायम एकच वाक्य, "बायांचं बायांनी, बाप्यांचं बाप्यांनी!" बायांनी कापूस निवडायचा, बाप्यांनी गाठी उचलायच्या. एकदा जीनचा गोरा साहेब कोटाचं तुटलेलं बटण स्वतःच शिवत बसला होता, तर अप्पांनी त्याच्या हातून सुई काढून घेतली. "साहेब, माझी नौकरी जाऊ द्या, पण हे नाही चालणार!" घरीही तेच. तहान लागली तर माठ हाताशी असूनही काकूंना हाक मारायचे.

त्या काकूंचे गुडघे धरले, म्हणून त्यांचा भाऊ त्यांना माहेरी इच्छापूरला घेऊन गेला. काही दिवसांनी एका पहाटे भिंतीपलीकडून जात्याची घरघर ऐकू आली. वर बारीक आवाजात ओवी! ओट्यावर मी अप्पांना गाठलं.

"दळण कोण करतं हो?"

अप्पा चक्क लाजले. "होऊन राह्यलं कसंतरी, भाई."

एवढं मला पुरलं.

बातमी इच्छापूरला पोचायला कितीसा वेळ? एक दिवस उजाडता उजाडता बैलगाडी येऊन थांबली. भाऊ काठी घेऊन उतरला. मागून काकू, रडून डोळे सुजलेले. साक्षीदार म्हणून भावानं मला पुढे घातलं. आत ओवी चालूच होती, "इच्छापूरच्या वाटेनं, भाऊ माझा येतो गं..."

भावानं दार लोटलं.

जात्यापाशी एकटे अप्पा. मिशा पिठानं पांढऱ्या.

"कुठंय ती?" भाऊ ओरडला.

"कोण ती?" अप्पांच्या हातून खुंटा सुटला.

काकू बघतच राहिल्या. "काय वो हे? कोण्या बाईकडून दळून घ्यायचं ना!"

"घेतलं होतं." अप्पांची मान खाली. "पण जातं बंद राह्यलं का घर उठतच नाही. तुझी ओवी जेवढी याद होती, तेवढी म्हणून राह्यलो."

काकूंनी चिमटीत पीठ घेतलं. "भरड काढलंय सगळं," असं म्हणत त्या दुखरे गुडघे सावरून समोर बसल्या आणि खुंटा धरला. अप्पांनीही वरून हात घातला. भावानं काठी कोपऱ्यात ठेवली.

मी हळूच सटकलो. दारातच माझी बायको सगळं बघत उभी.

"सवत आणली, हे तुम्हाला लगेच पटलं. बाप्या दळत असेल, हे नाही सुचलं! आपल्या घरात जातं कुठं आहे, तेवढं तरी सांगा बरं!"