टोकियो साडेनऊ तासांवर

"टोकियो? साडेनऊ तास! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही!" हेलसिंकीच्या विमानतळावर टाउनोने छाती फुगवून बायकोला सांगितलं. जन्मभर बस हाकलेला माणूस तो. मागे एकदा दोघं गेले तेव्हा नऊ तास लागले होते. आता रशियावरून उडायला बंदी, म्हणून वळसा. "वळसा म्हणजे काय ते मला विचार, हिल्का! अर्धा तास जास्त धर!"

हिल्काने धरला. टोकियोत लेकीला मुलगी झाली होती, आणि कधी एकदा नातीला बघते असं तिला झालं होतं. टाउनोला मात्र विमानात पाऊल टाकताच धडकी भरली. समोरच्या पडद्यावर नकाशातलं चिमुकलं विमान तर त्याला बघवेना. त्याने दोघांचेही पडदे बंद करून टाकले.

साडेनऊ तास झाले. टाउनोने खिडकीतून डोकावलं. खाली समुद्र! त्यात बर्फाच्या लाद्या! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पायलट रस्ता चुकला! आणि इंधन? तेही साडेनऊ तासांपुरतंच भरलं असणार! हवाईसुंदरीला विचारावं, तर अनोळखी बाईशी आपणहून बोलायचं? त्यापेक्षा बुडालेलं परवडलं!

नात काही आता दिसत नाही, हे त्याने ठरवूनच टाकलं. मोजे विणत बसलेल्या हिल्काचा हात त्याने घट्ट धरला.

"काय रे? टाका सुटला ना!"

"हिल्का, माझं... माझं तुझ्यावर प्रेम आहे."

हिल्का पांढरीफटक पडली. उभ्या संसारात हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. फिनलंडचा नवरा असं काही बोलतो ते मरायच्या घटकेलाच! लग्नातसुद्धा हा बाबा नुसतं 'हो' म्हणाला होता!

"अगं आई गं! विमान पडतंय!"

"हळू बोल!"

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मान वळवली. "काय म्हणाले हे?"

"प्रेम आहे म्हणाला!"

"शुद्धीत?"

"थेंब घेतलेला नाही हो!"

म्हातारा मुकाट्याने वाकला आणि सीटखालचं लाइफ जॅकेट ओढू लागला. ते पाहून त्याच्या बायकोने ओढलं, मग मागच्या रांगेने. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी हुंदका दिला. हवाईसुंदरी धावत आली.

"काय झालं?"

"यांनी बायकोला प्रेम आहे म्हणून सांगितलं!" चारपाच जण एकदम ओरडले.

पोरगीही फिनलंडचीच. तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती तडक पायलटकडे पळाली आणि हाशहुश करत परत आली.

"सगळं ठीक आहे! उत्तर ध्रुवावरून वळसा घातलाय आपण. अजून साडेतीन तास आहेत!"

जॅकेटं गुपचूप सीटखाली गेली. टाउनोला वाटलं, त्यांच्याबरोबर आपणही तिथेच शिरावं. हिल्काने विणकाम उचललं. तिचे गाल लाल झाले होते.

"टाउनो, मघाचं ते... आता पुन्हा एकदा म्हण ना."

टाउनोने आजूबाजूला पाहिलं. सगळी रांग कान टवकारून बसली होती.

"विमान खरंच पडायला लागू दे," तो पुटपुटला, "मग म्हणतो."