तांडेल मॅडमची उपाशी पोरं

तांडेल मॅडम माणसाची तब्येत रंगावरून ठरवतात. आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत आम्ही डेंग्यूच्या लशीवर काम करतो. त्यासाठी बाटल्यांत जिवंत पेशी वाढवाव्या लागतात, गुलाबी द्रवात. द्रव पिवळा पडला की समजायचं, खाणं बदलायला हवं. हे पिवळेपण हेरण्यात मॅडमची इतकी वर्षं गेली की आता समोरचा माणूसही त्यांना बाटलीच वाटतो. एकदा मीटिंग लांबली, साहेब सगळ्यांवर डाफरायला लागले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, पिवळे पडलात. काहीतरी खाऊन या." साहेब मुकाट्याने गेले आणि माणसात परत आले.

पेशींना त्या 'पोरं' म्हणतात. पेशी मेल्या असं म्हटलेलं त्यांना खपत नाही, 'दमल्या' म्हणायचं. लग्नाचं आमंत्रण आलं की पहिला प्रश्न, "त्या दिवशी पोरांचं जेवण नाही ना रे?"

गेल्या श्रावणात माझी आई भांडुपच्या हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. इकडे माझ्या बाटल्यांत लस दिलेल्या उंदरांच्या पेशी होत्या. विषाणू पुन्हा समोर आला तर त्या त्याला ओळखतात का, ते बघायचं होतं. त्या गेल्या असत्या तर सगळं पहिल्यापासून. म्हणून मी रोज कामावर येतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण आज लिहितो. आईजवळ मला बसवत नव्हतं. काय बोलायचं तेच सुचायचं नाही. बाटल्यांशी बोलावं लागत नाही.

एका सकाळी मॅडमनी गाठलं. "आईजवळ कोण आहे?"

"बाई ठेवलीय."

त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "निघ."

"मॅडम, परवा नारळी पौर्णिमा. तुम्हाला घरी..."

"सावंता, पोरांना तू काय नि मी काय, सारखेच. आईचं तसं नाही. निघ म्हटलं ना."

मी गेलो.

पौर्णिमेला त्यांच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बँड वाजत असताना ह्या बाई जरीच्या लुगड्यावर पांढरा कोट चढवून माझ्या पेशींना वाढत होत्या, असं नंतर कळलं. गजरा तेवढा वॉचमनकडे सांभाळायला दिला होता. त्याला वाटलं, आत कुणाचं तरी लग्न आहे.

आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. हे मला मॅडममुळे मिळालं.

दिवसकार्य उरकून कामावर आलो. पेशी ठणठणीत होत्या. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्या सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता म्हणाल्या, "माझा बाप गेला तेव्हा मी इथंच होते. बाटल्या वाचल्या सगळ्या."

मग त्यांनी मान वर केली.

"आई काही बोलली का रे?"

"बोलली. गावची विहीर, माझं बारसं, मामाची म्हैस. तेच तेच, मॅडम."

"तेच सांग," त्या म्हणाल्या. हातमोजे काढून ठेवले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.