गोगलगायींचा बंदोबस्त

गुंजन कालव्यातून पोहून आली ती दोन्ही पाय खाजवतच. गुडघ्यापासून खाली लाल पुरळ उठलं होतं. तिच्या आईने, लतिकाने, घाईघाईने डॉक्टरांना फोन लावला. त्या उन्हाळ्यात करोनामुळे डॉक्टर कोणालाही समोर बोलवत नव्हते, तेव्हा पायाचा फोटो पाठवला आणि फोनवर उत्तर घेतलं.

"काय म्हणाले?" लतिकाचे सासरे बाळासाहेब दारातच उभे होते.

"काळजीचं काही नाही म्हणाले, बाबा. पाण्यात गोगलगायी असतात ना, त्यांच्यातून बारीक कृमी बाहेर पडतात आणि कातडीला टोचतात. आठवड्याभरात आपोआप—"

"गोगलगायी!" बाळासाहेबांचा चेहरा उजळला. "अगं, हा तर माझा विषय!"

फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून बाळासाहेब आणि वीणाताई मुलाकडे, शिरीषकडे, नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आले, आणि विमानं बंद झाल्यामुळे तिथेच अडकले. पशुधन विकास अधिकारी म्हणून बाळासाहेबांची उभी हयात गाई-म्हशींच्या पोटातले पर्णकृमी हटवण्यात गेली होती. ते कृमीसुद्धा गोगलगायींतूनच पसरतात. गावतळी साफ करून, त्यांत बदकं सोडून त्यांनी अख्खा तालुका रोगमुक्त केला होता. असा माणूस गेले चार महिने शिरीषच्या मीटिंगा चालू असताना मिक्सर लावू नये, एवढंच पाळत बसला होता.

"पण बाबा, डॉक्टर पुढे बदकांबद्दलही काहीतरी सांगत होते. लाइन नीट नव्हती, मला शेवटचं—"

"बघ! त्यांनाही ठाऊक आहे. बदकासारखा गोगलगायींचा वैरी नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासाहेब मागच्या अंगणातून कालव्यावर गेले. बोरूच्या देठांना गोगलगायी चिकटलेल्या होत्या. बदकं मात्र लांब, पुलापाशी. त्यांना इकडे आणायला हवं, म्हणून त्यांनी रात्रीचा उरलेला भात काठावर टाकला आणि "आऽ आऽ" अशी हाळी दिली. पलीकडच्या काठावर खुर्ची टाकून बसलेला शेजारी योप कुतूहलाने बघत होता.

"स्नेल कंट्रोल!" बाळासाहेबांनी कालव्यापलीकडे ओरडून सांगितलं. "थर्टी इयर्स एक्स्पीरियन्स!"

योपने अंगठा वर केला.

आठवड्याभरात काठ बदकांनी भरून गेला. उरलेला भात पुरेना, तेव्हा बाळासाहेब वेगळा कुकर लावायला लागले.

"अहो, पोटभर भात मिळाल्यावर गोगलगाय कोण खाईल?" वीणाताईंनी एकदा विचारलं.

"जेवण झाल्यावर माणूस बडीशेप खातोच ना?" बाळासाहेब म्हणाले.

बदकांनी बडीशेप खाल्ली नाही. त्यांनी भात खाल्ला, काठ घाण केला, आणि एके दिवशी कुकरची शिट्टी ऐकून ती उघड्या दारातून थेट बैठकीत शिरली. तिथे शिरीष क्लायंटला नव्या सिस्टिमची सुरक्षा समजावून सांगत होता.

"इज दॅट अ डक?" पडद्यावरून प्रश्न आला.

"माय फादर्स प्रोजेक्ट," शिरीष म्हणाला, आणि त्याने कॅमेरा बंद केला.

एवढ्यावर भागलं असतं, तर बाळासाहेबांनी ते सहज पचवलं असतं. पण ऑगस्टमध्ये खाज वाढली. योपची नातवंडं खाजवायला लागली, मग कोपऱ्यावरच्या घरातली जुळी, मग खुद्द योप. कोणीतरी नगरपालिकेला कळवलं, आणि पिवळं जाकीट घातलेली एक बाई जाळं आणि बाटल्या घेऊन हजर झाली. बाळासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून तिला भेटायला गेले आणि दीड मीटरवर उभे राहिले. तज्ज्ञाने तज्ज्ञाशी बोलावं, तशा तयारीत.

बाईने समजावून सांगितलं, तिच्या इंग्रजीत, अगदी सावकाश. हा कृमी मुळात बदकाचा. बदकाच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात पडतात, तिथून तो गोगलगायीत शिरतो, आणि तिच्यातून बाहेर पडला की नवं बदक शोधत निघतो. बदकाऐवजी माणसाचा पाय सापडला, तर चुकून त्यालाच टोचतो.

बाळासाहेबांचा चेहरा उतरला. हे चक्र त्यांनी गावोगावी फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्यात गाईच्या जागी बदक घातलं की झालं. ते मात्र बदकाला पोलीस समजून बसले होते, आणि बदकच घरमालक निघालं.

"इतकी बदकं इथे कधीच नव्हती," बाई म्हणाली. "कोणी खायला घालतं का?"

गुंजनने आजोबांकडे पाहिलं. पलीकडे योप पाय खाजवत आकाशाकडे पाहू लागला.

"आय," बाळासाहेब म्हणाले. "राइस. डेली." मग घसा साफ करून पुढे म्हणाले, "बट नाऊ आय विल क्लीन. टेल मी हाऊ."

बाईने खाणं घालणं बंद करायला आणि मुलं उतरतात तिथली पाणवनस्पती काढायला सांगितलं. गोगलगायी तिलाच धरून असतात. पुढचे कितीतरी दिवस अलीकडच्या काठावरून बाळासाहेब आणि पलीकडून योप लांब दांड्याच्या दाताळ्यांनी शेवाळ, बोरू ओढत होते. दोघांच्या मध्ये अख्खा कालवा, त्यामुळे अंतराचा नियमही आपोआप पाळला जात होता. भात मिळेना, तशी बदकं रुसून पुन्हा पुलाकडे गेली. महिनाअखेरीस गुंजन पाण्यात उतरली, बाहेर आली, आणि सगळे तिच्या पायांकडे बघत बसले.

"नथिंग, आबा!" ती ओरडली. पलीकडे योपने दाताळं उंचावलं.

सप्टेंबरात नगरपालिकेने काठावर एक चकचकीत पाटी लावली. बाळासाहेबांनी तिच्याशेजारी ताठ उभं राहून फोटो काढून घेतला आणि निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचा पाऊस पडला. विश्वासरावांचा तर पुण्याहून फोनच आला.

"बाळासाहेब, तिथेही छाप पाडलीत! काय लिहिलंय हो पाटीवर?"

"तेच आपलं... पाण्याच्या आरोग्याबद्दल मार्गदर्शन," बाळासाहेब म्हणाले.

"इट सेज, डोन्ट फीड द डक्स," गुंजन मागून म्हणाली. वीणाताईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मग खाली तुमचं नाव नाही का घातलं त्यांनी?"

"नावाची काय गरज?" बाळासाहेब खिडकीतून पाटीकडे बघत म्हणाले. "कोणामुळे लागली, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."