लांबपंखी ससाण्याला शून्य गुण

मुलांनो, ज्याला कुंपणापलीकडे उडता येत नाही, त्याने ससाण्याच्या भरारीला गुण द्यावेत काय? उत्तराची घाई करू नका. आधी ऐका.

एका जंगलात पाखरांचे राज्य होते आणि त्या राज्यावर युद्ध आले होते. डोंगरापलीकडचे गरुड येत आणि खळ्यावरची पिल्ले उचलून नेत. राखणीला ससाणे होते. जात एकच, वाण तीन. आखूडपंखी, शिदोरीवाले आणि लांबपंखी.

मोरमहाराजांनी ठरवले की, सर्वांत चांगला वाण राखणीला ठेवावा. परीक्षक म्हणून त्यांनी अरुणशास्त्री नावाच्या कोंबड्याला नेमले. शास्त्रीबुवा सत्यवचनी होते. पहाटे उठत, धुळीचे स्नान करत, सूर्यनारायणाला आळवत. शिवाय त्यांना स्वतःला उडता येत नव्हते. तेव्हा ते कोणाचीच बाजू घेणार नाहीत, अशी महाराजांची खात्री होती.

त्यांची पत्नी मंजुळा मात्र म्हणाली, "अहो, काल उकिरड्यावर चढताना तुम्हाला धाप लागली. तुम्ही भरारी जोखणार?"

"जोखायला दृष्टी लागते, पंख नव्हेत."

"परवा समोरचे मुंगूस तुम्हाला ओंडका वाटले. खळ्यावर आपलीही पिल्ले आहेत, एवढे लक्षात ठेवा."

"तू दाणे टिप," शास्त्रीबुवा म्हणाले.

परीक्षा उंबराखाली ठरली. उंबराच्या शेंड्यापलीकडचे शास्त्रीबुवांना दिसत नसे. जे दिसले नाही त्याला गुण देणे म्हणजे असत्य, असा त्यांचा नेम होता.

आखूडपंखी ससाण्याने आधी वाकून नमस्कार केला. मग तो फांद्यांमधून असा वळला की, पान हलले नाही. शास्त्रीबुवांनी त्याला भरारीचे पूर्ण गुण दिले आणि विनयाचे वेगळे दिले.

शिदोरीवाला गळ्यात पिशवी बांधून आला. तो जड उडाला.

"परीक्षेला फराळ घेऊन येतोस? हे लोभाचे लक्षण आहे."

"बुवा, डोंगरापर्यंत जाऊन परत यायचे, तर वाटेत खावे लागते."

"उपवास करावा," असे म्हणून शास्त्रीबुवांनी पिशवी काढून घेतली.

शेवटी तुंगाबाई आल्या. त्या लांबपंखी. त्यांचा पंख फांदीत अडकला, आणि उंबरे शास्त्रीबुवांच्या तुऱ्यावर पडली.

"शास्त्रीबुवा, माझी परीक्षा ढगापाशी घ्या," तुंगाबाई म्हणाल्या.

"तेथे साक्षीला कोण?"

"शत्रू."

"शत्रूची साक्ष धर्माला मान्य नाही. शून्य."

लांबपंखी बाजरीच्या शेतात पोपट हाकायला गेले. त्यांच्या जागी आखूडपंखी आले. निकाल ऐकून सर्वांनी शास्त्रीबुवांच्या निर्भीडपणाची वाखाणणी केली. शास्त्रीबुवांनीही केली.

मग एके सकाळी सूर्यबिंबावर काही ठिपके दिसले. शास्त्रीबुवा तेव्हा आळवणीत होते. इतक्या वर्षांच्या सेवेने देव प्रसन्न झाला, असे त्यांना वाटले. त्यांनी डोळे मिटून आभार मानले.

ठिपके मोठे झाले. ते गरुड होते.

आखूडपंखी झेपावले, पण अर्ध्या उंचीवर त्यांचा दम तुटला. शिदोरीवाले डोंगरावरच्या पहाऱ्यावरून मदतीला निघाले होते, पण पिशव्यांविना. ते उपाशीपोटी वाटेतच एका खडकावर बसले. एका गरुडाने शास्त्रीबुवांच्या धाकट्या पिल्लावर झडप घातली. शास्त्रीबुवा मध्ये पडले. त्यांच्या आयुष्यातले हे एकच कृत्य उपदेशाविना झाले, आणि तेच चांगले झाले. गरुडाने पिल्लू सोडून त्यांनाच उचलले.

उंबर शास्त्रीबुवांच्या खाली राहिला. त्याच्यावरही आकाश होते. ते पुष्कळ होते. आणि त्या आकाशात, बाजरीच्या शेतातून हुकमाविना निघालेल्या तुंगाबाई गरुडांच्याही वर पोहोचल्या होत्या. त्या तेथून अशा कोसळल्या की, गरुडांची फळी फुटली.

"पूर्ण गुण!" शास्त्रीबुवा गरुडाच्या नखांतून ओरडले.

"गुण मागाहून द्या. आधी अंग आवळा!" तुंगाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गरुडाच्या मानेवर घाव घातला. नखे सुटली. शास्त्रीबुवा पडू लागले. उंबराच्या फांद्यांपाशी आखूडपंख्याने त्यांना अलगद झेलले. तेथे त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता, हेही खरेच होते.

पिल्ले वाचली. शास्त्रीबुवांनी दरबारात स्वतःहून कठोर शासन मागितले.

मोरमहाराज विचारात पडले. "हा प्रामाणिक आहे. विद्वान आहे. चुकतो, पण ठामपणे चुकतो. असा माणूस वाया घालवता येत नाही."

त्यांनी शिक्षा सांगितली. शास्त्रीबुवांनी यापुढे कोणाचीही परीक्षा घेऊ नये. पाठशाळेत बसून जन्मभर लहानांना बोधकथा सांगाव्यात.

मंजुळाने पंख जोडले. "महाराज, यात पिल्लांचा काय अपराध?"

शिक्षा कायम झाली.

तात्पर्य: ज्याला जमिनीवरून उठता येत नाही, त्याने उंचीविषयी बोलू नये, असे तुम्हाला वाटले असेल. ते चूक आहे. त्याने अवश्य बोलावे, मात्र लहान मुलांपुढे बोलावे. तेथे गरुड येत नाहीत, आणि ऐकणाऱ्यांना उठून जाण्याची परवानगी नसते.