आज एकशे सहावा दिवस

"आज एकशे सहावा ना, ताई?" जिन्यात भेटलं की अप्पांचा रामराम हाच.

हा माझ्या मुलीच्या वयाचा आकडा. बाकीचे लोक साडेतीन महिन्यांची म्हणतात, अप्पा दिवस मोजतात. निफाडकडं त्यांची द्राक्षबाग. तिथं छाटणी झाली की त्या दिवसापासून एकेक दिवस मोजतात; कितव्या दिवशी कोणता रोग येऊ शकतो, हे शेतकऱ्याला पाठ असतं. काकू गेल्यावर बाग वाट्यानं देऊन अप्पा शहरात द्वारका चौकाजवळ आमच्या शेजारी, मुलाकडं, प्रवीणभाऊंकडं, राहायला आले. बाग सुटली, मोजणी सुटली नाही.

मी घोटीच्या आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाळाच्या बाबतीत ऐकीव काही करायचं नाही, हे मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. सर्दी, जुलाब, कावीळ, सगळं वहीत उतरवलं होतं. अप्पांनी वही चाळली, खिशातून भिंग काढलं आणि सरळ पोरीच्या मानेच्या वळीत डोकावले. "रोग आधी पानाच्या खालच्या अंगाला दिसतो, ताई." घामोळ्या निघाल्या. माझ्या वहीत घामोळ्या नव्हत्या.

साडेतीन महिन्यांची लस दिली आणि दुसऱ्या दिवशी पोर तापली. नवरा ड्यूटीवर. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या मुलाची उरलेली तापाच्या औषधाची बाटली आणून दिली. मी, बी.कॉम. फर्स्ट क्लास, चमच्यात ओतायला निघालेच होते.

"थांब! एका बागेचं औषध दुसऱ्या बागेला मारायचं नाय. डॉक्टरला फोन लाव." अप्पा दारातूनच ओरडले.

डॉक्टरांनी वजन विचारून वेगळं औषध, वेगळा डोस सांगितला. ताप उतरेपर्यंत अप्पा पाळण्याजवळून हलले नाहीत. मधेमधे आभाळाकडं बघत होते, जसं काही ढग आले तर ताप वाढणार होता.

मला तोंड आवरत नाही. मी विचारलं, "प्रवीणभाऊंचे पण असेच दिवस मोजले असतील?"

"त्याचा जन्म ऑक्टोबरचा," अप्पा म्हणाले. "छाटणी चालू होती." मग बराच वेळ पाळणाच हलवत राहिले. "गोवर निघाला, कांजिण्या निघाल्या, समदं त्याच्या आईनं काढलं. मला बरं झाल्यावर कळायचं."

बापलेकांचं बोलणं आता पाण्याच्या टाकीपुरतं. एक "मोटर लावली का" म्हणतो, दुसरा "लावली."

गेल्या रविवारी दुपारी अप्पा दारात उभे राहिले.

"प्रवीणला ताप हाय."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. गोळी घेऊन पडलाय. आता काय करायचं आसतं, ताई?"

"काही नाही. जवळ बसायचं."

"आन् बोलायचं काय?"

"बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

ते गेले. थोड्या वेळानं मी भाताची पेज घेऊन गेले, तर अप्पा खोलीच्या चौकटीतच उभे. आत चौतीस वर्षांचा प्रवीण भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"झोपलाय," अप्पा कुजबुजले. "उगं जाग यायची."

तो जागाच होता. वळून न बघता त्यानं पाय पोटाशी घेतले. पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

अप्पा त्या जागेकडं बघत राहिले.

"बसा, अप्पा," मी म्हणाले.