खंडेनवमीचा लाल काटा

वीजबिल कमी करणं हे डोक्याचं काम आहे आणि तेवढं डोकं आपल्याला आहे, असं ज्योतीराम सुपरवायझरने मालकांना छातीठोकपणे सांगितलं. चिंचवडच्या एका ओतकामाच्या कारखान्यातली ही गोष्ट, आणीबाणीच्या आदल्या वर्षीची.

कारखान्याच्या मीटरला एक लाल काटा होता. महिन्याभरात ज्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त वीज ओढली जाई, तिथवर तो चढायचा आणि रीडिंगवाला येईपर्यंत तिथेच अडून बसायचा. बिलाचा मोठा हिस्सा त्या एका अर्ध्या तासावर ठरे. बाकी महिनाभर तुम्ही कितीही काटकसर करा, काट्याला त्याचं काही नसे.

"काटा चारशेच्या खाली ठेवलात, तर फोरमन तुम्ही," अर्जुनराव मालक म्हणाले. हे वाक्य ऐकायला ज्योतीराम नऊ वर्षं थांबला होता. त्याच्या बायकोने, कस्तुराने, दुसऱ्याच दिवशी नळावर बातमी सांगून टाकली. सांगताना त्यातला 'तर' तेवढा राहून गेला.

ज्योतीरामने गळ्यात शिट्टी अडकवली. एक शिट्टी झाली की भट्ट्या चालू, लेथ बंद. दोन झाल्या की लेथ चालू, भट्ट्या बंद. भट्ट्या चालताना लेथवाले रिकामे बसू नयेत, म्हणून त्यांना सकाळी साडेदहालाच जेवायला बसवलं. लेथवरचा हिंदुराव कुरकुरला, "राव, साडेधाला भूक न्हाई, आन् बाराला डबा न्हाई." पण काटा तीनशे साठावर थांबला होता. ज्योतीराम दिवसातून चारदा त्याचं दर्शन घेऊन येई.

रीडिंगला दोन दिवस उरले आणि खंडेनवमी आली. यंत्रं धुतली, झेंडूच्या माळा चढल्या. ज्योतीरामने आपली शिट्टीही पूजेत मांडली. यंदा नारळ फोडायचा मान त्याचाच होता. पूजा झाली की सगळी यंत्रं एकदम चालू करायची, अशी पहिल्यापासूनची पद्धत. एखादं बंद राहिलं तर ते वर्षभर रुसतं, यावर सगळ्यांचा विश्वास होता, आणि ज्योतीरामचा जरा जास्तच. त्याने नारळ फोडला, मोरयाचा गजर केला आणि फेटा सावरत हुकूम सोडला, "करा सगळी चालू!"

दोन्ही भट्ट्या, बावीस लेथ, कॉम्प्रेसर, सगळं एकदम घरघरू लागलं. मग मालक भाषणाला उभे राहिले. एरवी पाच मिनिटांत आटोपणारा हा माणूस त्या दिवशी पाऊण तास बोलला. त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. मध्येच त्यांनी ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालक बोलत असताना यंत्र बंद करणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी बटणाला हात लावला नाही.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि रीडिंगवाला आला. काटा सहाशे दहावर होता. कारखाना निघाल्यापासून तो एवढा कधी चढला नव्हता. ज्योतीरामने शिट्टी मालकांच्या टेबलावर ठेवली. त्याला अगदी रडू येत होतं.

मालकांनी शिट्टी बाजूला सारली. "तुम्हाला मी परवाच फोरमन केलंय, भाषणात. चारचौघांत दिलेला शब्द मी फिरवत नाही. पण तो ऐकलेला एक तरी माणूस आणा."

ज्योतीराम शेडभर फिरला. भट्टीवाल्यांनी माना हलवल्या. कॉम्प्रेसरवाल्याने तर भाषण झालं होतं का, असंच विचारलं. शेवटी तो हिंदुरावापाशी आला.

"हिंदुराव, तुम्ही अगदी पुढे होतात. टाळ्या पहिल्यांदा तुम्हीच वाजवल्यात."

"वाजवल्या की," हिंदुराव म्हणाला. "मला वाटलं, जेवायची येळ परत बाराला केली."