जनामामाची हायब्रीड आणि कानातला स्क्रूड्रायव्हर

हायब्रीड गाडीच्या एसीवर लिहिलंय म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, चला, काहीतरी ज्ञान मिळेल. कंप्रेसर कुठे असतो, गॅस कधी भरायचा, मेकॅनिकने चुना लावला तर कसं ओळखायचं. नाही मिळणार. आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर शिव्या नकोत. इथे तुम्हाला मिळणार आहे माझा जनामामा. भर मे महिन्यात, डोक्यावर ऊन, पनवेलच्या तक्का भागात, आमच्या गल्लीत अर्धा गाडीच्या आत, अर्धा बाहेर. स्क्रूड्रायव्हरचं टोक डॅशबोर्डला टेकलेलं, मूठ कानात, डोळे मिटलेले. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच ऑर्डर, "श्श! आयकू दे."

मामा बंदरात टगवर इंजिन ड्रायव्हर होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलणारी बुटकी, भांडखोर बोट. तिचं इंजिन इतकं बोंबलतं की मामाची आयुष्यभराची खात्री झाली, जे बिघडतं ते आवाज करतं. स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, रोग कळतो. टगवर ठीक होतं हो. रिटायर झाल्यावर त्याने ही प्रॅक्टिस घरी सुरू केली. मिक्सर, पाण्याचा पंप, फ्रिज. एकदा दुपारी माझे बाबा घोरत होते तर त्यांच्या छातीवर टेकवायला निघाला होता. आईने हात धरला म्हणून वाचले.

आता असल्या माणसाने गाडी कुठली घ्यावी? अख्ख्या पनवेलमध्ये जी आवाजच करत नाही ती! खारघरच्या कुठल्याशा साहेबाची बदली झाली आणि त्यांची ती परदेशातून आलेली, वय झालेली हायब्रीड मामाने उचलली. "दोन इंजिनं हायत," तो सगळ्यांना सांगायचा, "येक पेट्रोलवर, येक बॅटरीवर. येक रुसला तर दुसरा हाय." ही गाडी सिग्नलला आपोआप गप्प होते हे त्याला साहेबांनी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी पळस्पे फाट्यावर ती गप्प झाली. मामाने मला खाली उतरवून ढकलायला लावली. मी ढकलतोय, मागे ट्रकवाले माझ्या खानदानाची चौकशी करतायत, आणि गाडी एकदम स्वतःची स्वतः निघून गेली. मी रस्त्यावर, हात पुढे केलेले, झोपेत चालणाऱ्यासारखा.

तेव्हापासून मामाला तिचा भलताच अभिमान. कुणी विचारलं, "मामा, गाडी बंद पडली काय?" की मान हलवायचा, "बंद नाय. इचार करते."

तर मे महिना लागला आणि या विचारवंत बाईचा एसी बिघडला. पेणच्या रस्त्याला कर्नाळ्यापर्यंत काश्मीर. तारा गाव गेलं की तापलेला तवा. खारपाड्याच्या पुलावर तर बाहेरची गरम हवा थंड वाटायची. मामाने स्क्रूड्रायव्हर काढला. आधी डॅशबोर्ड, मग बॉनेट, मग चारी चाकं. एसीचा रोग चाकात कसा असेल, असं मी विचारलं. "सर्दी नाकात असते, पन पाय भिजलं म्हनून व्हते ना?" यावर बोला आता.

जुन्या हायवेवरच्या एसीवाल्याकडेही नेली. त्याने मीटर लावलं, गॅस बघितला, कंप्रेसर बघितला. म्हणाला, "सगळं ओके आहे काका." मामाने त्याचा मोठा अपमान केला. "त्यानं कान कुठं लावला? नुसता बघितलान."

एसी बिघडला त्याच आठवड्यात मामाने मागच्या काचांना पडदे लावले आणि मागच्या सीटवर बसायला बंदी घातली. का? तर, "पेशंटला गर्दी चालत नाय."

इथपर्यंत सगळी मजाच होती. पण मामाची एकुलती एक मुलगी सुप्रिया, माझी मामेबहीण, पेणला दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, मुलीला आणायला बापाने जायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. मामी जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. माझी आई दोन घरं सोडून राहते, ती सगळं बघणार होती. तरी विहीणबाईंचा फोन आलाच. मामाने स्पीकरवर घेतला, कारण मोबाइल तेवढा तो कानाला लावत नाही.

"भाऊ, राग नका मानू हां. उन्हाचं एवढं लांब नको. तुमच्या गाडीचा एसी चालत नाय, आमचा मुलगा बसला होता ना परवा, सगळा भिजून आला. त्यापेक्षा हितंच होऊ दे की बाळंतपण. तसंपण तिकडं घरात बाईमाणूस कोण हाय?"

मामाने स्क्रूड्रायव्हर उचलला, परत खाली ठेवला. मग म्हणाला, "एसी चालू हाय. रविवारी येतंय मी."

विहीणबाई म्हणाल्या, "चालू असंल तर न्या. नायतर मी पाठवायची नाय."

फोन ठेवला आणि मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन जो गाडीत शिरला तो शनिवार सकाळपर्यंत जेवण्याझोपण्यापुरताच बाहेर. शनिवारी दुपारी तो आणखी एका मेकॅनिकला शोधायला गेला. स्कूटरवर. गाडी दारात, चावी माझ्याकडे, "इंजिन चालू ठेव, आवाज बदलला तर सांग."

आवाज! मी एसी लावला, पुढे उकडून निघालो आणि झोप काढायला सरळ मागच्या सीटवर चढलो. बंदी गेली खड्ड्यात.

चढलो तर डोकं छताला. सीट कसली, सिंहासन! चादर उचलली. खाली नारिंगी फोमचे थरच्या थर. टगवरची जुनी लाइफ जॅकेटं उसवून आतला फोम काढलेला आणि जाळी विणायच्या दोऱ्याने, इंच इंच टाके घालून, एकाला एक शिवलेला. बसायला, पाठीला, दोन्ही बाजूंना कुशीत घेतील असे लोड. आणि माझ्या कानाशी कोणीतरी धापा टाकत होतं. बाजूचा लोड ओढला तर मागे एक जाळी आणि जाळीला तो फोम गच्च चिकटलेला. त्याखाली साधा स्टिकर, कापडाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. माझ्यासारख्यालाही कळेल असा. या गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटमागे असते आणि ती त्या जाळीतून गाडीतली गार हवा ओढते. नाक दाबलं की बॅटरी तापते, आणि तापली की जीव वाचवायला गाडी सगळ्यात आधी एसी आवरता घेते.

मी सगळा फोम बाहेर रस्त्यावर फेकला. थोड्या वेळात असा गारवा सुटला की गल्लीतली पोरं, बाया, समोरचा इस्त्रीवाला, सगळे आळीपाळीने आत हात घालून बघायला लागले. पब्लिक जमलं की माझ्या अंगात येतं. मी स्क्रूड्रायव्हर कानात घातला, डोळे मिटले आणि मामाचा आवाज काढला, "श्श! आयकू दे. पेशंटच्या नाकात मीच फोमचा बोला घातलाय!" इस्त्रीवाला हसून हसून खाली बसला.

मग एकदम माझ्याशिवाय कोणीच हसेना. मागे वळलो तर स्कूटरवर मामा.

"मामा, एसी झाला! बघ ना हात लावून."

त्याने हात लावला नाही. रस्त्यावर बसला आणि फोम गोळा करून एकेक तुकडा झटकायला लागला. "कुठं हाय जाली? बोट ठेव." मी ठेवलं. आईकडून मच्छी कापायची कात्री मागवली आणि लोडात तेवढ्याच मापाची खिडकी कापायला बसला. कात्री चालू, तोंड चालू.

"कॉलेज केलंस, डोस्क्यात काय भरलंस रं? फोम रस्त्यावर टाकतंस? एसी नाय लागला तर काच खाली करंल सुप्रिया. खड्ड्याला काच असते काय? हमरापूरचा रस्ता बघितलास कवा? ल्हान पोर घेऊन येते ती पोटात. तिची आय असती तर मांडीवर डोका घेऊन आनली असती. मी गाडी चालवू का मांडी देऊ? आँ? सांग ना, मोठा आवाज काढतंस ते."

मी हळूच म्हटलं, "मी चालवतो ना उद्या. तू मागे बस तिच्याजवळ."

कात्री थांबली. मामाने माझ्याकडे असं बघितलं, जशी चूक मी आत्ता केली.

"तू चालवशील? तू? येक तरी खड्डा सोडतंस का? ब्रेक असा मारतंस जसा काय साप बघितलाय! चालीसच्या वर काटा गेला ना, तर खारपाड्याला उतरवीन, चालत ये घरी. आन गाना लावायचा नाय, हॉर्न मारायचा नाय, नकला करायच्या नाय. आन..." त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं, मी लोड घेऊन मागे चढत होतो, "आरं चपला काढ आदी, गाढवा! पोर झोपनार हाय तिथं."